एसटीतलं पाऊण माफ तिकीट, सोबत्याचं अर्धं तिकीट आणि पार्किंग: थोडी पार्श्वभूमी

दिव्यांगांना एसटीत पाऊण तिकीट माफ असतं हे खान्देशात कोणाला नव्याने सांगायला नको. ४० टक्के किंवा वरचं सर्टिफिकेट असलं की साध्या बसला ७५ टक्के सवलत, शिवशाहीत थोडी कमी म्हणजे ७०. यावरून सहसा वाद होत नाही. वाद होतो तो सोबत्याच्या तिकिटावरून, आणि दुसरा गाडी लावायच्या जागेवरून.

हा ४० चा आकडा १९९५ च्या कायद्यातला. तो १९९६ च्या फेब्रुवारीत लागू झाला आणि त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. पुढे २०१६ चा कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, प्रकार २१ झाले, त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आला. नंदुरबारच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती कारण तिथे हा आजार घराघरात माहीत आहे. प्रकार वाढले पण ४० ची रेघ तिथेच राहिली.

सर्टिफिकेट काढणं हा तर वेगळाच प्रवास. १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणजे धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाचं जिल्ह्याचं गाव धुळं. जिल्हा वेगळा झाला, अंतर कमी झालं, पण एक गोष्ट तशीच राहिली: सवलत मिळायला कागद लागतो आणि कागद काढायला जे हेलपाटे होतात त्यांच्या भाड्यात दिव्यांग म्हणून काही सूट नाही, स्वतःला पण नाही आणि सोबत आलेल्याला पण नाही. जून २०२१ पासून सर्टिफिकेट फक्त ऑनलाइन पोर्टलवरूनच द्यायचं ठरलं, सोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, ज्याच्यावर ४० च्या वर पिवळा पट्टा आणि ८० च्या वर निळा. अर्ज गावातून भरता येतो हे खरं, पण तपासणीला शरीर घेऊन जावंच लागतं ना.

आता सोबत्याचा मुद्दा. एसटीचा नियम असा की दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तरच सोबत्याला अर्धं तिकीट. ४० ते ६४ वाल्याला स्वतःची सवलत मिळते, सोबत्याला काही नाही. आता टक्का काढतात तो अवयव किती काम करतो, नजर किती आहे यावरून. माणूस बसची उंच पायरी एकटा चढू शकतो का, गर्दीत उभा राहू शकतो का, हे त्या आकड्यात मावत नाही. ५५ टक्क्यांवाला एकजण पारोळ्याहून जळगावला रोज एकटा जात असेल आणि तेवढ्याच टक्क्यांच्या दुसऱ्याला दोघांचा हात लागत असेल, मशीनमध्ये दोघांचं तिकीट एकसारखंच निघतं. कंडक्टर मास्तरचा त्यात काही दोष नाही, तो कार्डावरचा आकडा बघतो आणि त्याने तेच बघायचं असतं.

या नियमाची खरी गंमत झाली १७ मार्च २०२३ ला, जेव्हा सगळ्या महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं. त्याच्या आधी, ऑगस्ट २०२२ पासून, ७५ च्या वरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झालेला होता आणि ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट होतंच. म्हणजे बघा, सोबत आई आहे, बायको आहे, बहीण आहे, तर तिला तसंही अर्धंच तिकीट, कार्डावर ४५ लिहिलेलं असो की ९०. सोबत आजोबा असले तर अर्धं नाहीतर फुकट. मग ६५ टक्क्यांची अट आता उरली कोणाला, तर सोबत येणाऱ्या भावाला, बापाला, मित्राला, कामाच्या वयातल्या पुरुषाला. आणि जिथे दिव्यांग माणसाला उचलून बसमध्ये चढवावं लागतं तिथे बहुतेक वेळा सोबत तोच असतो. महिलांची सवलत चुकीची आहे असं कोणी म्हणू नये, मी तर म्हणणारच नाही, तिच्यामुळे कितीतरी घरांचं दवाखान्याचं येणंजाणं सोपं झालं. पण ती सवलत देताना ही जुनी अट कोणी उघडून बघितली नाही, आणि आज त्या अटीने फक्त एकाच प्रकारचा सोबती अडतो. त्यातही आपल्याकडे सीमा जवळ. महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, नवापूरच्या पुढे सुरतकडे किंवा रावेरच्या पुढे बऱ्हाणपूरकडे गेलं की पुढचं भाडं पूर्ण.

२०१६ च्या कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांची वेगळी तपासणी करायची सोय लिहिलेली आहे. टक्का वेगळा आणि गरज वेगळी हे कायद्याने मान्य केलेलं आहे, तिकिटाच्या नियमाने नाही.

रेल्वेत तर अजून उलटं. २०२० च्या मार्चमध्ये बाकी बहुतेक सवलती बंद झाल्या, ज्येष्ठांची गेली ती आलीच नाही, दिव्यांगांच्या चार गटांची मात्र राहिली. त्यातल्या तीन गटांना स्लीपरला ७५ टक्के, मूकबधिरांना ५०, सोबत्यालाही तेवढीच. ऐकायला एसटीपेक्षा चांगलं वाटतं. पण गट नीट वाचा: पूर्ण अंध असेल तर एकटा असला तरी चालतो, हातापायाचं अपंगत्व असेल तर मात्र सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. म्हणजे भुसावळ-जळगाव एकटा अप-डाऊन करणारा पोलिओवाला माणूस एसटीत सवलतीला पात्र आणि रेल्वेच्या अटीत अडकलेला, कारण तो धडपड करून एकटा फिरायला शिकला. मला हे अजिबात पटत नाही.

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. सवलत टक्क्यात असल्यामुळे तीही वाढ अंगावर येतेच, जिथे शंभरातले २५ द्यायचे तिथे साधारण २९. आकडा छोटा आहे पण महिन्याच्या निराधार पेन्शनवर जगणाऱ्याला तो छोटा नसतो.

पार्किंगचं थोडक्यात. बाहेरच्या देशांत गाडीला लावायचं परमिट असतं, आपल्याकडे देशभर चालेल असं काही नाही, यूडीआयडी कार्ड खिशात राहतं, गाडीवर दिसत नाही. बांधकामाच्या नियमात दाराजवळ, ३० मीटरच्या आत, दिव्यांगांसाठी दोन कारच्या जागा आणि रुंदी ३.६ मीटर असं आहे. २०१६ च्या कायद्यात बसस्टॉप आणि रेल्वे स्टेशनवरच्या पार्किंगचाही उल्लेख आहे. पण इथे दिव्यांग माणूस कार घेऊन किती येतो? त्याच्याकडे असते साईड व्हील लावलेली स्कूटर, जी दुचाकीच्या रांगेत मावत नाही आणि कारच्या जागेत लावली तर हटकतात. जळगावच्या फुले मार्केटसारख्या गर्दीच्या भागात तिला जेवढी रुंदी लागते तेवढ्यात दोन मोटरसायकली बसतात, म्हणून पहिली अडचण तिचीच. तिच्यासाठी त्या नियमात वेगळा शब्द नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये गाडी नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकाच्या प्रकारात दिव्यांग हा रकाना आला, म्हणजे कोणती गाडी दिव्यांगाची आहे हे आरटीओच्या रेकॉर्डला आता दिसू शकतं. तो रकाना आला तो करसवलतीच्या नोंदीसाठी. त्यावरून आपोआप पार्किंगचं स्टिकर मिळत नाही, आणि आधी नोंदवलेल्या, नंतर गॅरेजमधून साईड व्हील बसवून घेतलेल्या स्कूटरच्या कागदावर तर ती नोंदच नसते.