खुलासा: ‘प्रक्रिया सुधारणा ही फक्त कारखान्याची गोष्ट’

‘वकील, सीए, सल्लागार यांचं प्रत्येक काम वेगळं, तिथे कारखान्यातल्या सुधारणेच्या पद्धती चालत नाहीत’, हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. समज अगदीच निराधार नाही. कामाचे टप्पे तपासून अडथळे आणि वाट पाहणं कमी करायच्या या पद्धती वाढल्या त्या उत्पादनातच, आणि सल्ला काही साच्यातून निघत नाही.

पण वेगळा असतो तो निर्णय. भोवतालचं काम, म्हणजे कागदपत्रं मागवणं, मसुदा, तपासणी, सही, बिल, हे जवळपास प्रत्येक प्रकरणात तेच.

पडताळून पाहायचं तर नुकतीच संपलेली एक फाइल काढा. ईमेलच्या तारखा बघून प्रत्येक टप्पा कधी सुरू झाला आणि कधी संपला ते लिहा. मसुदा दोन तासांत तयार, मग वरिष्ठांच्या टेबलावर सहा दिवस पडून, असं काहीतरी दिसण्याची शक्यता दाट. तिथे हुशारी कमी पडलेली नसते, तपासणीची रांग लांब असते.

रांगेचा हिशेब सोपा आहे. हातात 60 फाइली आणि रोज सरासरी 3 निकाली (येणाऱ्याही तेवढ्याच), तर एका फाइलीला सरासरी 20 दिवस. अपुऱ्या कागदांच्या फाइली उघडायच्याच नाहीत असं ठरवून हातातल्या 30 वर आणल्या, तर त्याच वेगाने 10 दिवस. कागद जमेपर्यंत त्या बाहेर थांबतील हे खरं, पण उघडून ठेवल्याने तरी कुठे पुढे सरकत होत्या?

विचार करायला लागणारा वेळ मात्र घड्याळ लावून कापू नये. तिथे जुना आक्षेप बरोबरच आहे.