फोटो पुन्हा काढता येत नाही, तेव्हाचा कॅमेरा

डिजिटल कॅमेरा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती मेगापिक्सेल? ज्यांचं पोट फोटोंवर चालतं त्यांनी मात्र तो कधीच फारसा मनावर घेतला नाही. १९९१ मध्ये कोडॅकने वृत्तछायाचित्रकारांसाठी आणलेला डीसीएस जेमतेम १.३ मेगापिक्सेलचा होता. निकॉन एफ३ची बॉडी, तिला जोडलेला कोडॅकचा सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चिप) आणि तिथून निघालेली केबल थेट खांद्यावरच्या डब्यात. डब्यात बॅटरी, २०० एमबीची हार्ड डिस्क आणि काढलेला फोटो बघायला छोटा कृष्णधवल पडदा. डिस्कवर १५६ फोटो मावायचे. किंमत २०,००० डॉलरच्या घरात. तरीही हे लोढणं काहींनी गळ्यात घेतलं, कारण फिल्म धुवा, वाळवा, स्कॅन करा, यात जाणारा वेळ वाचत होता. उद्याच्या अंकाची वेळ चुकली तर उत्तम फोटोही रद्दीच. शिवाय वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर १.३ मेगापिक्सेल खपून जायचे.

खरा पालट १९९९ च्या निकॉन डी१ने केला. २.७ मेगापिक्सेल, सेकंदाला साडेचार फोटो, ५,५०० डॉलरच्या आत किंमत, आणि मुख्य म्हणजे लेन्स बसवायचा निकॉनचा जुनाच खाचा, एफ माउंट. कपाटातल्या लेन्स तशाच चालल्या. व्यावसायिकाची बॉडी दर चार-पाच वर्षांनी बदलते, लेन्स बदलत नाहीत, हे हिशेबात धरलं की डी१ इतक्या लवकर का रुळला ते कळतं. एक खोट होती. सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळे २८ मिमीची वाइड लेन्स ४२ मिमीसारखं दाखवायची. अरुंद खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही सगळी माणसं चौकटीत येत नसत. फिल्मच्या चौकटीएवढ्या, म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या फुल फ्रेम सेन्सरची मागणी या अडचणीतून वाढली. २००२ मध्ये कॅननने ११ मेगापिक्सेलचा १डीएस आणला, तेव्हा स्टुडिओवाल्यांनी फिल्मकडे पाठ फिरवायला सुरुवात केली.

कमी उजेडाचा प्रश्न २००७ पर्यंत रेंगाळला. त्या वर्षीच्या निकॉन डी३चे मेगापिक्सेल १२च होते, पण आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वरचा फोटो छापण्याजोगा यायचा. फ्लॅशला मनाई असलेल्या सभागृहात काम करणाऱ्याला याचं मोल विचारा! शटर तीन लाख वेळा चालवून तपासलेलं होतं आणि कार्डाचे स्लॉटही दोन.

त्या दुसऱ्या स्लॉटबद्दल थोडं जास्त बोलतो. एका समारंभात ऐन मोक्याला माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘कार्ड फॉरमॅट करा’ असा संदेश आला होता. बॉडी एका स्लॉटची. पहिल्या तासाभराचे फोटो गेले ते गेलेच, आणि यजमानांना ते सांगायला जाताना पाय उचलत नव्हते. फिल्मचा एक रोल खराब झाला तर ३६ फोटो जायचे. कार्ड गेलं तर अख्खा दिवस जातो. म्हणूनच प्रत्येक फोटो दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा हा कामाचा कॅमेरा, अशी समजूत पक्की झाली.

मिररलेसच्या, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या लाटेत या समजुतीचा कस लागला. २०१७ च्या सोनी ए९ने आवाज न करता सेकंदाला २० फोटो काढून दाखवले. गोल्फ टिपणाऱ्यांना तोवर खेळाडूने फटका मारेपर्यंत शटरवरचं बोट आवरून धरावं लागायचं. ए९ला स्लॉटही दोन होते. पुढच्याच वर्षी कॅनन ईओएस आर आणि निकॉनचे झेड६, झेड७ आले. सेन्सर चांगले, लेन्स उत्तम, पण स्लॉट एकेकच. लग्न-समारंभ टिपणाऱ्यांनी नाकं मुरडली. ‘हौशी लोकांना पुरेल’ हा शेरा तर झेड७च्या ४५ मेगापिक्सेललाही चुकला नाही. २०२० मध्ये कॅननचे आर५ व आर६, निकॉनचे ‘झेड६ II’ व ‘झेड७ II’ बाजारात आले, सगळे दोन स्लॉटचे.