कपाट, किल्ली आणि वाचक : प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या बहुतेक प्राथमिक शाळांत ग्रंथालय म्हणून वेगळी खोली नसते. मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारचे लोखंडी कपाट, कुठे पुस्तकपेटी, कुठे वर्गाच्या एका भिंतीलगत केलेला वाचनकोपरा, अशी त्याची रूपे असतात. मुलांना वाचनाची गोडी लावण्यात या ग्रंथालयाचा वाटा किती, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा पुस्तकांच्या संख्येत शोधले जाते. शाळेत पुस्तके कोणी आणि कोणत्या योजनेतून आणली, हे कागदोपत्री बऱ्यापैकी सांगता येते. ती मुलांच्या हातात जावीत अशी तजवीज कोणी केली, असे विचारले की हाताशी फारच थोडी नावे उरतात. प्राथमिक शाळेतील वाचनाचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

सुरुवात मात्र चांगली झाली होती. मुंबई इलाख्यात १८२२ मध्ये देशी भाषांतील शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी जी मंडळी स्थापन झाली, तिचे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके मराठीत आणली. त्या वेळी गोष्टीचे पुस्तक आणि शाळेचे पुस्तक यांत आजच्यासारखी भिंत नव्हती. मुलाने वाचायला शिकायचे ते कोल्हा, कावळा आणि सिंह यांच्या गोष्टींवरच. बोधाचा भाग त्यात भरपूर होता, भाषा आजच्या मानाने जड होती, हे खरे. तरी पुढे काय झाले हे कळावे म्हणून मुलाने पान उलटावे, असे काहीतरी त्या छापील कागदावर होते.

१८५५ मध्ये सरकारी शिक्षण खाते अस्तित्वात आले आणि चित्र हळूहळू बदलले. मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली १८६० च्या सुमारास मराठीची क्रमिक पुस्तके तयार झाली. इयत्तेला एक पुस्तक, त्यातले ठरावीक धडे आणि त्यांवरची परीक्षा ही घडी तेव्हा बसली ती बसलीच. क्रमिक पुस्तकांमुळे गावोगावच्या शाळांना एकसारखे साहित्य मिळाले, लेखनाला एक वळण लागले, आणि हा लाभ कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे शाळेतले वाचन म्हणजे नेमलेल्या पुस्तकाचे वाचन हे समीकरणही पक्के झाले, आणि बाकीचे सारे अवांतर ठरले. त्याच काळात मोठ्यांसाठी ग्रंथालये निघत होती. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, पुण्याचे १८४८ चे. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने ती पुढे अनेक गावांत पसरली. ही सारी वर्गणीदार, शिकलेल्या पुरुषांची ठिकाणे होती आणि लहान मुलांना तिथे जागा नव्हती. मुलांसाठी विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक काढले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ सुरू केले. दोन्हींनी मराठी मुलांच्या काही पिढ्या घडवल्या. मासिक घरी येते ते मात्र वर्गणी भरू शकणाऱ्याच्या, आणि ज्या घरात वाचणारे मोठे माणूस नाही त्या घरातल्या मुलापर्यंत ते पोचायला शाळा हाच मार्ग होता. तो उघडलाच नव्हता.

या काळात शाळा आणि ग्रंथालय यांची सांगड घालण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न बडोदे संस्थानात झाला, आणि मराठी वाचकाने त्याकडे थोडे थांबून पाहावे असे त्यात बरेच आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. सक्ती केली की मुले शाळेत येतात, चार इयत्ता शिकतात, आणि पुढे हातात छापील कागद न आल्यामुळे काही वर्षांत शिकलेले विसरतात, ही अडचण उघड होती. शाळेवर केलेला खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल, तर शाळेच्या पाठोपाठ पुस्तक गावात गेले पाहिजे, असा त्यावरचा महाराजांचा विचार होता. अमेरिकेच्या दौऱ्यात तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्यास बोलावले. बॉर्डन १९१३ पर्यंत तिथे होते. तेवढ्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालय, त्यात मुलांसाठी वेगळा विभाग, ग्रंथपालांचे प्रशिक्षण आणि गावोगाव जाणाऱ्या फिरत्या पेट्या अशी रचना उभी राहिली. ग्रामग्रंथालयासाठी गावाने आपला वाटा जमवायचा आणि सरकारने व स्थानिक पंचायतीने तेवढीच भर घालायची, असे सूत्र ठरले.

बॉर्डन यांचे नाव सगळीकडे येते. त्यांच्या आधी मोतीभाई अमीन या शाळामास्तरांनी १९०६ पासून मित्रमंडळांच्या नावाने गावांत छोटी वाचनालये सुरू केली होती, हे सहसा मागे पडते. पायाभरणी खरे तर तिथे झाली होती. लाकडी पेटी गावात येई, तीत पंधरा ते तीस पुस्तके असत, वाचणाऱ्याला त्यासाठी काही मोजावे लागत नसे, आणि ठरावीक मुदतीनंतर ती पेटी जाऊन दुसरी येई. या फिरतेपणाचे महत्त्व प्राथमिक शाळेत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पन्नास पुस्तकांचे कपाट हुशार मूल एका सत्रात संपवते. पाच शाळांनी आपापली पन्नास पुस्तके आपसांत फिरवली तर प्रत्येक शाळेला अडीचशे पुस्तके मिळतात, आणि खर्च तेवढाच राहतो.

बडोद्याचा हा धडा मुंबई इलाख्याने उचलला, पण अर्धाच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला, इलाख्यात १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला, शाळा वाढल्या. ग्रंथालयांचा विचार वेगळ्या वाटेने झाला. १९३९-४० मध्ये फैजी समिती नेमली गेली, तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातल्या ग्रंथालयापर्यंतची उतरंड सुचवली, स्वातंत्र्याच्या सुमारास तिची अंमलबजावणी सुरू झाली आणि १९६७ मध्ये महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. गावात अनुदानित वाचनालय आले आणि गावात शाळाही होती. पण दोघांची खाती निराळी, अनुदाने निराळी, तपासणारे अधिकारी निराळे. आजही ग्रंथालय संचालनालय उच्च शिक्षणाच्या विभागाकडे आणि प्राथमिक शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आहेत. वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा वाचनालयाच्या हिशेबात होते आणि पाढे म्हणणारा नातू शाळेच्या हिशेबात. आजोबांचे वाचनालय शाळा सुटल्यावर नातवासाठीही उघडे असावे, ही कोणाचीच कामगिरी नव्हती.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती स्थापन झाली आणि तिने नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. पाठ्यपुस्तके काढणाऱ्या सरकारी संस्थेने मुलांसाठी निखळ वाचनाचे मासिक काढावे, आणि ते इतकी वर्षे चांगले चालवावे, ही आपल्याकडच्या शिक्षणव्यवस्थेतील मोजक्या आनंदाच्या गोष्टींपैकी एक आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील स्वस्त, सचित्र पुस्तके मराठीतही येऊ लागली. ग्रंथपाल मात्र मिळाला तो माध्यमिक शाळेला, तोही पटसंख्येप्रमाणे पूर्णवेळ किंवा अर्धवेळ. प्राथमिक शाळेत असे पद निर्माणच झाले नाही. वाचनाची सवय सहा ते दहा या वयात लागते, असे प्रत्येक समितीने लिहिले. पुस्तक निवडून देणारा माणूस मात्र सवय लागण्याचे वय उलटल्यावर भेटावा, अशी ही व्यवस्था झाली.

प्राथमिक शाळेत पुस्तके मोठ्या प्रमाणावर पोचली ती खडू-फळा मोहिमेत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेली ही योजना १९८७ पासून राबवली गेली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि अध्यापनाचे किमान साहित्य, असा तिचा गाभा होता; साहित्याच्या यादीत शब्दकोशासारखे संदर्भग्रंथ, मुलांसाठी किमान २०० पुस्तके आणि नियतकालिके यांचा समावेश होता. यादी विचारपूर्वक केलेली होती. अडचण शाळेच्या दप्तरात निर्माण झाली. आलेले प्रत्येक पुस्तक साठा नोंदवहीत चढले, म्हणजे ते सरकारी मालमत्ता झाले. शिक्षकाची बदली झाली की चार्ज देताना यादीप्रमाणे सतरंजी, घंटा, तराजू, नकाशे आणि पुस्तके मोजून द्यावी लागत. पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करायची? फाटले तर निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव वरच्या कार्यालयात पाठवायचा, आणि मंजुरी येईपर्यंत सुटी पाने सुतळीने बांधून जपून ठेवायची. घंटा आणि पुस्तक यांना एकच नियम लावल्याचा हा परिणाम. घंटा तीस वर्षे तशीच राहते. सहा वर्षांच्या मुलाने मनापासून वाचलेले पुस्तक मात्र वर्ष-दोन वर्षांत खिळखिळे होते, आणि ते तसे झाले नाही तर ते वाचले गेले नाही एवढाच त्याचा अर्थ. चार्ज देताना तूट निघू नये म्हणून किल्ली खिशात ठेवणारा शिक्षक वाचनाचा वैरी नव्हता. नियम वाचून वागणारा नोकरदार होता. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ मध्ये मांडले, त्यांतला पहिलाच नियम ग्रंथ उपयोगासाठी असतात असे सांगतो. तो ग्रंथपालांच्या अभ्यासक्रमात शिकवला जात राहिला. प्राथमिक शाळेचे कपाट सांभाळणाऱ्या शिक्षकाला साठा नोंदवहीचे नियम शिकवले गेले.

या कोंडीतून वाट काढली ती प्रथम काही संस्थांनी आणि कितीतरी शिक्षकांनी. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन-लेखन शिकवण्याचा पाया घालताना अर्थासाठी वाचणे सुरुवातीपासूनच पुढे ठेवले. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथे काम करणाऱ्या क्वेस्ट संस्थेने ‘गोष्टरंग’ उपक्रमातून बालसाहित्यातील गोष्टी आश्रमशाळांत नाट्यरूपाने नेल्या, कारण घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतले पुस्तक उघडण्याआधी गोष्ट ऐकण्या-पाहण्याची गरज असते. शाळाशाळांतल्या शिक्षकांनी त्याहून साधी गोष्ट केली. व्हरांड्यात मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर दोरी बांधली आणि तिच्यावर पुस्तके उघडून अडकवली. मुखपृष्ठ समोर दिसते, कणा नव्हे. वाचता न येणारे मूलही चित्र पाहून हात घालते. देवघेवीची वही चौथीच्या मुलींकडे दिली, आणि दुसरीतला मुलगा सहीच्या रकान्यात आपल्या नावाचे पहिले अक्षर रकान्याबाहेर जाईल एवढे मोठे काढू लागला. तपासणीला आलेले केंद्रप्रमुख समजूतदार असले की ही वही चालून जाई.

द्विशिक्षकी शाळेत अशा मोकळ्या पुस्तकांचा आणखी एक उपयोग असतो, ज्याची चर्चा कमी होते. पहिली-दुसरी एका शिक्षकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे असताना एका इयत्तेला शिकवताना दुसरी इयत्ता काय करते? बहुतेक वेळा फळ्यावरचे उतरवून काढते. त्या वेळात स्वतः निवडलेले पुस्तक हातात असेल, तर दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास वाचनाचा सराव होतो, आणि एकाच क्रमिक पुस्तकातून एवढा सराव मिळणे शक्य नसते, कारण ते पुस्तक दिवाळीपर्यंत पाठ झालेले असते. ही निवड मुलाच्या वाचनपातळीला जुळावी लागते. चौथीतल्या मुलाला पहिलीचे चित्रपुस्तक घ्यायला लाज वाटू नये, एवढे मोकळे वातावरण लागते. घाऊक खरेदीतून आलेली थोरांची चरित्रे आणि सामान्यज्ञानाची पुस्तके इथे फारशी कामाला येत नाहीत.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे नमूद झाले. ग्रंथालय प्रथमच शाळेच्या कायदेशीर मानकांत आले, ही मोठी गोष्ट होती. मानक आले की मोजणी येते. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी यू-डायस प्रपत्रात ग्रंथालय, पुस्तकपेढी किंवा वाचनकोपरा आहे काय आणि पुस्तके किती, हे विचारले जाते. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या, ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या ‘असर’ पाहणीत शाळाभेटीचा भाग आहे, आणि त्यात एक अधिक चतुर नोंद असते: पुस्तके आहेत की नाहीत याच्यासोबत, भेटीच्या दिवशी ती मुलांच्या हातात दिसली की नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की त्यांतली तफावत लगेच नजरेत भरते.

महाराष्ट्रात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कपाटे हमखास उघडतात आणि छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवसाचे प्रत्येक शाळेने आपले पाहायचे. समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली, आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत समजून वाचता येणे हे उद्दिष्ट ठरवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर, विशेषतः खेड्यांत, शाळेचे ग्रंथालय शाळेच्या वेळेनंतरही गावाला खुले असावे असे म्हटले आहे, म्हणजे बडोद्याच्या ग्रामग्रंथालयांच्या कल्पनेपाशी आपण शंभरेक वर्षांनी परत आलो आहोत. बडोद्यात त्यासाठी वेगळे खाते, प्रशिक्षण घेतलेली माणसे आणि फिरत्या पेट्या होत्या. इथे पाच वाजल्यानंतर शाळा कोणी उघडायची, त्याचे मानधन कोणत्या शीर्षाखाली खर्ची टाकायचे आणि हरवलेल्या पुस्तकाचे काय करायचे, हे प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत अजून यायचे आहेत.