ऋतुमान आणि रक्तशर्करा

मधुमेह असलेल्यांच्या रक्तातील साखर ऋतूनुसार वरखाली होते. समशीतोष्ण प्रदेशांत ती बहुधा हिवाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीत हा फरक साधारण ०.२ ते ०.५ टक्के-बिंदूंइतका दिसतो, उन्हाळ्यात ७.० टक्के असलेला आकडा हिवाळा सरताना ७.३ टक्के येऊ शकतो. दक्षिण गोलार्धात हेच चक्र उलट्या महिन्यांत फिरते. विषुववृत्ताजवळ, जिथे तापमान वर्षभर फारसे हलत नाही, तिथे हा चढउतार कमी आढळतो.

हिवाळ्यातील वाढीचा दोष थंडीच्या माथी मारला जातो, आणि तो अगदीच खोटा नाही. गारठ्याच्या ताणाने ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. पण थंडीची दुसरी बाजूही आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात टाइप २ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस रोज काही तास १४-१५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले, तेव्हा त्यांच्या शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुमारे ४३ टक्क्यांनी वाढली. आठ जणांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरीही थंडीपेक्षा थंडीतली राहणी अधिक नडते, असे मानायला जागा आहे. दिवस लहान होतो, चालणे-फिरणे घटते, खाणे आणि वजन वाढते. त्यात फ्लूसारख्या संसर्गाची भर पडली की साखर आणखी चढते.

उन्हाळ्यात सरासरी आकडा सुधारला तरी धोके वेगळे असतात. उष्णतेने त्वचेखालचा रक्तप्रवाह वाढतो, टोचलेले इन्सुलिन लवकर शोषले जाते आणि साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, गळून जाणे ही त्याची लक्षणे उकाड्याचीच समजून दुर्लक्षिली जातात. उलट, शरीरातील पाणी कमी झाले तर साखर वाढते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना पाणी कमी पडण्याचा धोका अधिक. दीर्घकाळच्या मधुमेहाने मज्जातंतू बिघडलेल्यांना घाम नीट येत नाही आणि तापलेल्या जमिनीचा चटका पायाला कळतही नाही.

औषधालाही हवामान सोसत नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात; ते कडक उन्हात निकामी होते, तसेच गोठल्यावरही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांनाही तापमानाची मर्यादा असते.

एक विसंगती मात्र वाचकाला चकवते. उन्हाळ्यात साखर उतरते म्हणावे, तर ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत गरोदरपणातील मधुमेहाचे निदान काही देशांत उन्हाळ्यातच अधिक होते. उष्णतेने हाताच्या त्वचेतील वाहिन्या रुंदावतात, चाचणीसाठी काढले जाणारे शिरेतील रक्त धमनीतील रक्तासारखे होते, आणि धमनीतील रक्तात ग्लुकोज पिल्यावर साखर जास्त असते. म्हणजे या वाढीचा काही भाग तरी मोजमापातला असू शकतो.

म्हणून अहवालावरची तारीख आकड्याइतकीच महत्त्वाची. उत्तर गोलार्धात मार्चमधला एचबीए१सी खरे तर जानेवारी-फेब्रुवारीची कहाणी सांगतो. तो जूनच्या अहवालाशी ताडला, तर औषधाचा काहीच गुण नसतानाही गुण आल्यासारखे वाटते. त्यापेक्षा गेल्या वर्षीच्या मार्चशी केलेली तुलना बरी. हिवाळ्याच्या अखेरीस वाढवलेला इन्सुलिनचा डोस तसाच चालू राहिला, तर उन्हाळ्यात वारंवार साखर उतरण्याचे तेही एक कारण ठरू शकते.