हॉट टब : कोकण किनाऱ्यावरील पाण्याची निगा व खरेदी

हॉट टब : चार-सहा माणसांना एकत्र बसता येईल अशी, ३५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी फिरते ठेवणारी टाकी. पंप, हीटर, फिल्टर आणि पाण्याचे झोत सोडणारी जेट हे तिचे मुख्य भाग. घरगुती टबात साधारण १,००० ते १,८०० लिटर पाणी मावते. आजच्या टबाचा उगम अमेरिकेतला. इटलीतून तिथे गेलेल्या जकुझी कुटुंबातील कँडिडो यांनी संधिवाताने आजारी असलेल्या मुलाच्या उपचारासाठी बाथटबमध्ये ठेवायचा पंप तयार केला. तो १९५६ मध्ये विक्रीस आला. पुढे १९६८ मध्ये रॉय जकुझी यांनी जेट टबाच्या भिंतीतच बसवले. कोकणात हा टब मुख्यतः अलिबाग, किहीम, आवास, नागाव या पट्ट्यातल्या बंगल्यांत आणि तिथून दक्षिणेकडे दापोली, गुहागर, तारकर्लीपर्यंतच्या होमस्टे-रिसॉर्टांत दिसतो.

ऊन पाण्यात बसणे कोकणाला नवे नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरी, महाडजवळचे सव, दापोली तालुक्यातले उन्हवरे, मुंबई-गोवा महामार्गालगतचे आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळचे उन्हाळे इथली कुंडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. पण कुंडात झऱ्याचे नवे पाणी येत राहते आणि जुने वाहून जाते. न्हाणीतल्या हंड्यातले पाणीही एकदा अंगावर घेतले की संपले. हॉट टबात मात्र तेच पाणी आठवडेच्या आठवडे फिरते आणि रोज नवी माणसे त्यात घाम, तेल, साबण सोडतात. टबाची सगळी निगा या एका फरकातून निघते. विक्रेते हीटर आणि रंगीत दिव्यांविषयी भरभरून बोलतात, पाण्याविषयी फारच थोडे.

जंतूंचा धोका. कोमट पाणी जंतूंना मानवते. लेजिओनेला हा जीवाणू साधारण २५ ते ४५ अंशांत वाढतो आणि जेटमुळे उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या टबातून ही लागण झाली आणि किमान ३२ जण दगावले. तो टब केवळ दाखवण्यासाठी भरून चालू ठेवला होता. माणसे शेजारून नुसती चालत गेली होती. ‘कोणी बसत नाही, मग क्लोरीन कशाला’ हा युक्तिवाद इथेच संपतो. दुसरा नेहमीचा जीवाणू स्यूडोमोनास. त्याने एक-दोन दिवसांत अंगावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्याखाली, खाजरे लाल पुरळ उठते. पाहुणे त्याचा दोष मासळीला किंवा समुद्राला देऊन मोकळे होतात.

कोकणातले पाणी. टबासोबत येणारी माहितीपुस्तिका बहुधा थंड देशातल्या, कठीण पाण्याच्या गावासाठी लिहिलेली असते. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी याच्या उलट. ते मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, सामू (पीएच) बऱ्याचदा ६ च्या आसपास आणि कॅल्शियमची कठीणता फार कमी. असे पाणी पिण्याला गोड लागते, डाळही चटकन शिजते, पण टबात ते हीटरचा धातू खाते आणि जेट लावताच फेस धरते. म्हणून बाहेरच्या सल्ल्याप्रमाणे ‘क्षार कमी करा’ हे सूत्र इथे लागू नाही. बहुतेक ठिकाणी कॅल्शियम वाढवावे लागते.

दुसरी अडचण लोहाची. बोअरचे पाणी बाहेर येताना स्वच्छ दिसते, पण क्लोरीन पडताच विरघळलेल्या लोहाचा गंज होतो आणि टब चहाच्या रंगाचा होतो. टब भरण्याआधी एक बादली पाण्यात चिमूटभर क्लोरीन पावडर टाकून तासभर ठेवावी. रंग बदलला तर ते पाणी थेट टबात घेऊ नये. आधी टाकीत उंचावरून सोडून, खळबळवून, निवळू द्यावे किंवा पाइपाला लोह गाळणारा फिल्टर जोडावा.

तिसरी अडचण एप्रिल-मेमधली. किनाऱ्यालगतच्या विहिरी उपसा वाढला की मचूळ होतात. मचूळ पाण्यातले क्लोराइड साध्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडते. या दिवसांत टँकर येतो तो कुठल्या विहिरीवरचा हे विचारून घ्यावे, आणि पाणी जिभेला खारट लागले तर टब पावसापर्यंत कोरडाच ठेवणे शहाणपणाचे. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे म्हणून तेच पाणी भरण्याची कल्पना अधूनमधून कोणाला तरी सुचते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एकाही घरगुती टबाचा हीटर त्यासाठी बनवलेला नसतो.

पाण्याचा तोल. सामू ७.२ ते ७.८, एकूण क्षारता (सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) ८० ते १२० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), कॅल्शियम कठीणता १५० ते २५० पीपीएम आणि मुक्त (जंतू मारायला मोकळे असलेले) क्लोरीन ३ ते ५ पीपीएम ही मान्य पातळी. हिशेब सोपा आहे: १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. क्रम मात्र पाळावा. आधी क्षारता, मग सामू, मग कॅल्शियम, शेवटी क्लोरीन. क्षारतेसाठी खाण्याचा सोडा चालतो. १,२०० लिटरच्या टबात क्षारता ५० पीपीएमने वाढवायला सुमारे १०० ग्रॅम पुरतो. कॅल्शियम १०० पीपीएमने वाढवायला त्याच टबात सुमारे १७५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) लागते. ते बादलीत वेगळे विरघळवून, पंप चालू असताना थोडे थोडे ओतावे. विरघळताना बादली तापते, त्याला घाबरू नये. जेटची हवा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हाकलते, त्यामुळे वापरातल्या टबाचा सामू आपोआप चढतो. तो उतरवायला सोडियम बायसल्फेटची पावडर वापरावी. हार्डवेअरच्या दुकानातले फरशी धुण्याचे ॲसिड स्वस्त असते, पण एवढ्याशा पाण्यात त्याचा अंदाज चुकला की सामू एकदम कोसळतो.

क्लोरीन कोणते? कोकणातला सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. बंगल्यात पोहण्याचा तलाव असेल तर त्याची देखभाल करणारा माणूस टीसीसीए ९० या क्लोरीनच्या गोळ्या टबातही टाकतो. ही गोळी तीव्र आम्लधर्मी असते. बैठकीवर पडली तर ॲक्रिलिकचा रंग उडवते, आणि तिच्यातले सायन्युरिक आम्ल थोड्या पाण्यात झपाट्याने साचून क्लोरीनला मंद करते. दुसरीकडे, ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घरात असतेच, तीही वापरली जाते. विहिरीसाठी ती योग्य, पण टबात तिच्यातला चुना फिल्टरमध्ये आणि हीटरवर बसतो, शिवाय दमट हवेत तिची ताकद किती उरली आहे हे कळत नाही.

टबासाठी एसडीआयसी (डायक्लोर) ही दाणेदार पावडर बरी. ५६ टक्के प्रतीची असेल तर १,२०० लिटरला ३ पीपीएमसाठी साडेसहा ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. मात्र तिच्यातूनही सायन्युरिक आम्ल येते: दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ९ पीपीएम. रोज ३ पीपीएम घातले तर महिनाभरात ते ८० च्या घरात जाते, आणि मग पाणी बदलणे हाच उपाय. पहिले काही दिवस डायक्लोर आणि नंतर रोज द्रव सोडियम हायपोक्लोराइट हा मधला मार्ग चांगला, फक्त द्रव उन्हात ठेवू नये. ब्रोमीन गरम पाण्यात आणि चढ्या सामूतही टिकून काम करते, पण महाग पडते आणि मुंबईहून मागवावे लागते. ओझोन व अतिनील दिव्यांनी मदत होते, पण त्यांचा असर पाण्यात मागे राहत नाही. त्यामुळे ‘केमिकल-फ्री टब’ ही जाहिरात मनावर घेऊ नये.

क्लोरीनचा उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त, ही समजूत उलटी आहे. घाम-लघवीतल्या नायट्रोजनशी जोडले जाऊन निकामी झालेले क्लोरीन तसा वास देते. तेव्हा गरज क्लोरीन वाढवण्याची, म्हणजे शॉक डोस (एकदम मोठी मात्रा) देण्याची असते. झाकण उघडे ठेवून, पंप चालू ठेवून तो द्यावा आणि पातळी उतरेपर्यंत कोणालाही बसू देऊ नये. वेगवेगळ्या प्रकारची क्लोरीन पावडर एकाच चमच्याने किंवा एकाच डब्यात कधीही हाताळू नये. टीसीसीए आणि टीसीएल एकत्र आल्यास आग लागू शकते. ॲसिड त्यांच्याजवळ ठेवल्यास विषारी वायू सुटतो.

रोजचे काम. पाहुणे राहत असतील तेव्हा दिवसातून दोनदा, एरवी एक दिवसाआड चाचणी करावी. चाचणीच्या पट्ट्या पावसाळ्यात ओल धरून खोटे रंग दाखवतात. थेंबांचे किट अधिक विश्वासाचे. फिल्टर आठवड्याला पाइपाने धुवावा, महिन्याला फिल्टर क्लीनरच्या पाण्यात भिजवावा. समुद्रावरून येणाऱ्या पाहुण्याला आधी न्हाणीत पाठवणे हा नियम होमस्टेवाल्यांनी भिडस्तपणा सोडून पाळावा. वाळू पंपाचे सील कापते आणि सनस्क्रीन पाण्यावर चिकट कडा धरते. दिवाळीत अभ्यंगाचे तेल-उटणे लावून टबात उतरण्याची हौस महागात पडते. तो फेस कुठल्याच औषधाने जात नाही, पाणी सोडून द्यावे लागते.

पाणी कधी बदलावे याचा एक जुना ठोकताळा आहे: लिटरला ११ ने भागावे, आलेल्या संख्येला रोजच्या माणसांनी भागावे. १,२०० लिटर आणि रोज चार माणसे असतील तर साधारण २७ दिवस. सायन्युरिक आम्लाचा वरचा हिशेबही महिन्याच्याच आसपास येतो. पाणी सोडण्याआदल्या रात्री पाइप धुण्याचे औषध घालून जेट चालवावेत. नळ्यांच्या आत साचलेला बुळबुळीत थर सुटून वर आला की पाहून धक्का बसतो.

खरेदी. थंड देशात टब निवडताना उष्णतारोधनाला पहिला मान असतो. कोकणात विहिरीचे पाणीच २७ अंशांच्या आसपास असते. ते ३८ अंशांपर्यंत नेण्यास १,२०० लिटरला सुमारे १५ युनिट वीज, म्हणजे ३ किलोवॉटच्या हीटरला पाच तास लागतात. मे महिन्यात उलट त्रास होतो: झाकलेला टब नुसत्या पंपाच्या उष्णतेने नको तितका तापतो. जाड फोमच्या थरांवर जादा पैसे घालण्यापेक्षा टायटॅनियमचा हीटर, ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील आणि खाऱ्या वाऱ्यापासून बंद असलेली विजेची पेटी यांवर घालावेत. लाकडी आवरण छान दिसते, पण इथल्या पावसात आणि वाळवीत टिकत नाही. हवा भरून फुगवायचा टब एखाद्या हिवाळ्यापुरता ठीक. भाड्याने द्यायच्या घरात तो नको.

वजन विसरू नये. भरलेला टब आणि त्यातली माणसे मिळून दोन टनांच्या आसपास जातात, म्हणजे दर चौरस मीटरला ४०० किलोंहून अधिक. निवासी खोलीच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ (इमारतींवरील भाराचे भारतीय मानक) मध्ये धरलेला भार सुमारे २०० किलो आहे. चिऱ्याच्या जुन्या घराच्या गच्चीवर टब चढवण्याआधी स्थापत्य अभियंत्याला दाखवावे. सर्वांत उत्तम म्हणजे अंगणात काँक्रीटचे सपाट जोते. माडाखाली मात्र नको, कारण उघड आहे.

वीजजोडणीत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग अपरिहार्य. कातळावर अर्थिंग सहजी मिळत नाही. खड्ड्याची जागा आणि खोली वायरमनकडून मोजून घ्यावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. असे झाले तर पाणी ‘वाचवण्या’च्या मागे न लागता टब रिकामा करावा. पंप बंद असलेले कोमट पाणी दोन-तीन दिवसांत वापरण्याजोगे राहत नाही. बंद टबाच्या पोटात उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून खालच्या फटींना जाळी हवी. दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हा प्रश्न किंमत ठरवण्याआधी विचारावा. मुंबईहून तंत्रज्ञ आणायचा तर त्याच्या फेरीचा खर्चही ग्राहकाच्याच माथी येतो. जुना टब घेताना तो भरून, तापवून, सर्व जेट चालू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वापराची मर्यादा. तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नये, एका वेळी पंधरा मिनिटे पुरे. गरोदर स्त्रिया, हृदयविकार वा रक्तदाबाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. पाच वर्षांखालील मुलांना बसवू नये. दारू पिऊन बसलेल्याला पाण्यात ग्लानी येऊन बुडण्याचा धोका असतो. तळाच्या शोषणजाळीचे झाकण तुटलेले असेल तर टब बंदच ठेवावा, लांब केस त्यात ओढले जातात.

पाणी सोडणे. टबाचे पाणी पऱ्यात (ओढ्यात) किंवा विहिरीच्या बाजूला सोडू नये. क्लोरीन घालणे थांबवून झाकण काढून दोन दिवस उन्हात ठेवावे आणि चाचणीत क्लोरीन शून्य दिसल्यावर मगच माडाच्या आळ्यांत फिरवून सोडावे. पोफळीला खारट पाणी सोसत नाही, त्यामुळे मचूळ पाणी भरले असेल तर ते वाडीत सोडू नये.