हिरव्या सालीतलं गोड संत्रं

नोव्हेंबरच्या सुरुवातीला नागपूरच्या कॉटन मार्केटजवळ संत्र्याच्या गाडीवर उभा होतो. शेजारच्या काकूंनी एक फळ उचललं, देठाजवळचा हिरवा भाग अंगठ्यानं घासून पाहिला आणि परत ठेवून दिलं. "हे तर कच्चे आहेत, भाऊ."

"कच्चे नाही जी काकू, आंबिया आहे हा. खाऊन तं पाहा!"

आंबिया म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा संत्र्याचा बहार. पण काकू खाऊन न पाहताच पुढच्या गाडीवर गेल्या. तिथला ढीग छान केशरी होता. मी हिरवी दोन डझन घेतली, घरी येऊन एक सोललं, आणि त्या काकूंना हाक मारून परत बोलवावंसं वाटलं, इतकं ते गोड होतं.

संत्र्याच्या गावात राहूनही आपण सालीवरून गोडी ठरवतो, याचं मला वाईट वाटतं. सालीचा कारभार वेगळा आणि फोडीचा वेगळा. आंबा किंवा केळं कच्चं तोडलं तरी चालतं, कारण त्यात स्टार्च साठलेला असतो आणि तोडल्यावर त्याची साखर होते. म्हणून आंब्याची अढी घालतात. संत्र्याची अढी कधी कुणी घातलेली ऐकलीय? त्याच्या गरात असा साठाच नसतो. पानांत तयार झालेली साखर देठातून शेवटच्या दिवसापर्यंत येत राहते. देठ तुटला की आवक बंद. आंबटपणाचंही असंच. सायट्रिक आम्ल फोडीतल्या रसाच्या बारीक पिशव्यांमध्ये आधी भरपूर साठतं, मग फळ मोठं होताना झाडावरच हळूहळू खर्ची पडतं. उष्ण हवेत ते लवकर खर्ची पडतं. म्हणजे आपल्याकडच्या हवेत फोड लवकर गोड होते, साल मात्र मागे राहते.

का मागे राहते? इथं मला जरा रमू द्या, कारण हा भाग मला फार आवडतो.

कोवळ्या संत्र्याची साल पानासारखीच काम करते. तिच्या पेशींत हरितलवकं नावाच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत हिरवा रंग देणारं हरितद्रव्य. केशरी-पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्यंही तिथं असतात, पण हिरव्याखाली झाकलेली. रात्री साधारण १३ अंशांच्या खाली जाऊ लागल्या की मुळांकडून येणारं नत्र कमी होतं, नवी पालवी थांबते, पानांतली साखर सालीत साचते. सालीत साखर वाढणं रंग बदलायला मदत करतं आणि नत्र भरपूर असणं तो अडवतं. (युरियाचा हात सैल सोडलेल्या बागेत फळ जास्त दिवस हिरवं राहतं, ते यामुळेच.) मग हरितद्रव्य मोडायला सुरुवात होते. ते नुसतं सोडून दिलं तर घात होतो. त्याचं कामच ऊन शोषण्याचं, आणि जागेवरून सुटं झालं की शोषलेली ऊर्जा ते ऑक्सिजनला देतं. असा चेतलेला ऑक्सिजन पेशीच जाळतो. म्हणून पेशी एकेक पायरीनं त्याला निकामी करते. मधला मॅग्नेशियमचा अणू काढला जातो, लांब शेपटी कापली जाते, मग पोर्फिरिनचं, म्हणजे रेणूच्या गाभ्याचं, वलयच फोडलं जातं. वलय फुटलं की हिरवा रंग संपला. उरलेला रंगहीन ऐवज पेशी आपल्या कोठीत टाकते. तिकडे हरितलवकाची आतली रचना मोडून त्याचं वर्णलवक, म्हणजे रंगद्रव्यं साठवणारी पिशवी, होतं आणि त्यात बीटा-क्रिप्टोझँथिनसारखी नवी केशरी द्रव्यं भरू लागतात.

ही वाट परतीचीही आहे. काही जातींची पिकलेली फळं उन्हाळ्यापर्यंत झाडावर ठेवली तर केशरी साल पुन्हा हिरवी होते. आत रस गोडच.

आता नागपूरचं पंचांग पाहा. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबरपासून तोडणीला. ऑक्टोबरात आपल्या रात्री २० अंशांच्या आसपास असतात. साल रंगणार कशी? मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचं फळ मात्र डिसेंबर-जानेवारीची थंडी झाडावरच काढतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये भडक केशरी होऊन येतं. व्हिएतनाममध्ये थंडी पडतच नाही अशा भागात लोक हिरव्या सालीची संत्री वर्षानुवर्षं आवडीनं खातात.

थंडीशिवाय रंग आणता येतो, तो इथिलीन वायूनं. कॅलिफोर्नियात पूर्वी हिरवी लिंबं रॉकेलच्या स्टोव्हनं तापवलेल्या खोल्यांत ठेवत आणि ती पिवळी होत. उष्णतेमुळे होतात असा सगळ्यांचा समज होता. १९१२ मध्ये सिव्हर्स आणि ट्रू यांनी दाखवलं की करामत उष्णतेची नसून स्टोव्हमधून निघणाऱ्या वायूंची आहे, आणि १९२४ मध्ये डेनी यांनी त्यातलं इथिलीन नेमकं हुडकलं. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे मोजके भागही हरितद्रव्य मोडायला पुरतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण फळं स्वतःही इथिलीन बनवतात. पण त्यानं गोडी तसूभरही वाढत नाही. ऑक्टोबरातला एकसारखा केशरी ढीग पाहून हुरळू नका, एवढंच.

आणि सुई टोचून संत्र्यात रंग भरतात असे जे व्हिडिओ फिरतात, ते पुढे पाठवण्याआधी घरच्या संत्र्याला एक टाचणी टोचून ठेवा. तीन-चार दिवसांत बहुधा तिथं पांढरट आणि मग हिरवी बुरशी धरेल. या बुरशीला सालीत शिरायला जखमच लागते. टोचलेला माल कळमन्याच्या बाजारातून दिल्लीपर्यंत टिकणारच नाही.

मग निवडायचं कसं? गडद हिरवं, टणक, चकाकी नसलेलं फळ खरंच कच्चं असतं, ते सोडा. पोपटी झाक, तुकतुकीत साल, बोटानं दाबलं तर किंचित दबणारं आणि आकाराच्या मानानं जड, असं घ्या. काटोलकडच्या एका बागायतदारानं मला ब्रिक्स, म्हणजे रसातला गोडवा, मोजायची नळी दाखवली होती. काचेवर रसाचा एक थेंब टाकून ती सूर्याकडे धरायची, आत निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमारेषा दिसते. एकाच झाडाचं एक हिरवट आणि एक पिवळं फळ आम्ही तपासलं. रेष दोन्ही वेळा १० च्या जवळपास थांबली.

"आता सांगा, भाव कायले कमी?" तो म्हणाला.

हिरव्या मालाला बोली कमी लागते, म्हणून तो फळ रंगाची वाट पाहत झाडावर ठेवतो. तोवर काही गळतं, काहींची साल फोडीपासून सुटून फळ पोकळ होतं. आणि डिसेंबरात पुढच्या आंबियासाठी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा असतो, तेव्हा फांद्यांवर मागच्या बहाराचं ओझं तसंच लटकलेलं असतं.