गोठ्यातले तीन राजे: बायबलमध्ये नेमके काय आहे?

‘बायबल सांगते, येशूजन्माच्या रात्री तीन राजे उंटांवरून गोठ्यात आले.’ नाताळात हमखास फिरणारा हा मजकूर.

घरातले बायबल घ्या, त्यातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा (येशूचरित्राचा) दुसरा अध्याय काढा. तिथे पूर्वेकडून आलेले मागी आहेत, म्हणजे ताऱ्यांचे जाणकार. ते राजे होते असे म्हटलेले नाही, उंटही नाहीत. किती जण? तेही नाही. तीनचा आकडा भेटींवरून आला: सोने, ऊद, गंधरस. पण तीन वस्तू दोघेही आणू शकतात, दहाजणही. राजे आणि उंट बायबलमधल्याच यशया या जुन्या ग्रंथाच्या 60व्या अध्यायात सापडतात. तिथून ते या कथेत मिसळले. गास्पार, मेल्खियोर, बाल्थाझार ही तिघांची नावे तर कित्येक शतकांनंतरची.

आता वेळ. गोठ्याची आठवण करून देणारी गव्हाणी आहे ती लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, मेंढपाळांच्या प्रसंगात. मत्तयाचे 11वे वचन वाचा: मागी ‘घरात’ गेले. पुढे 16व्या वचनात तिथला राजा हेरोद मागींकडून कळलेल्या काळाच्या हिशेबाने दोन वर्षांपर्यंतचे मुलगे मारायला लावतो. म्हणजे भेट त्याच रात्रीची, असे ठामपणे म्हणता येत नाही.

गोव्यात रेइश मागुशला 6 जानेवारीच्या सुमारास तीन राजांचे फेस्त होते, ते परंपरेचे म्हणून खुशाल साजरे व्हावे. खोडायचे आहेत ते ‘बायबल सांगते’ हे दोनच शब्द.